चांदीची मोड आम्लाने शुद्ध करताना उपकरणे कशी निवडावीत

प्रश्न असा आहे : दागिने, फुटकी भांडी आणि कानशीचा कीस मिळून महिन्याला सुमारे दोन किलो चांदीची मोड जमते. ती नायट्रिक आम्लात विरघळवून शुद्ध करायची आहे. त्यासाठी किती लिटरचे बीकर, कोणती हॉट प्लेट आणि कोणता पंप घ्यावा, आणि हाताशी असलेली काचेची स्वयंपाकाची भांडी, प्लॅस्टिकची बादली व भिंतीतला एक्झॉस्ट पंखा यांवर सुरुवात करता येईल का? शिवाय विद्युत-शुद्धीकरणाची टाकी आताच घ्यावी का, अशीही पृच्छा आहे.

सुरुवातीबद्दलचे उत्तर आधी देतो : यांतली बादली कामाला येईल, बाकीचे दोन्ही बाजूला ठेवावे. आपण खरेदीची यादी बीकरपासून सुरू केली आहे. ती धुरापासून सुरू करायला हवी. एका वेळी किती वायू आपण सुरक्षितपणे बाहेर काढू आणि धुऊ शकतो यावर एका घाण्याचे वजन ठरते, त्या वजनावर भांड्याचा आकार ठरतो आणि भांड्याच्या आकारावर बाकी सगळे. उलट्या क्रमाने खरेदी करणारे लोक उत्तम काच घेऊन बसतात आणि ती वापरायला त्यांच्याकडे जागाच नसते.

याचा हिशोब एकदा कागदावर मांडून पाहावा. हजारात ९२५ भाग चांदी व ७५ भाग तांबे असलेली एक किलो मोड पातळ केलेल्या नायट्रिक आम्लात विरघळली, तर अगदी आदर्श स्थितीतही खोलीच्या तापमानाला सुमारे ९० लिटर नायट्रिक ऑक्साइड बाहेर पडतो. हा वायू स्वतः रंगहीन असतो, पण हवेतल्या ऑक्सिजनशी संबंध येताच त्याचा तांबूस-तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड बनतो. तीव्र आम्ल तसेच ओतले तर थेट नायट्रोजन डायऑक्साइडच निघतो आणि त्याचे आकारमान अडीचशे लिटरांच्या वर जाते. म्हणजे अर्धा किलोचा घाणा घेतला आणि आम्ल नीट पातळ केले, तरी ४५ लिटर वायू होणारच. तीन मीटर रुंद, चार मीटर लांब आणि तीन मीटर उंच खोलीत हा वायू मोकळा सुटला, तर हवेच्या दहा लाख भागांत त्याचे प्रमाण सुमारे १२५० भाग होते. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने अल्पकालीन संपर्कासाठी सुचवलेली मर्यादा आहे दहा लाखांत एक भाग. या वायूचा कावा असा, की श्वासात गेल्यावर थोडा खोकला येतो, मग बरे वाटते, आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुफ्फुसांत पाणी भरू लागते. तपकिरी धूर छातीत गेला असेल तर बरे वाटत असले तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि काय श्वासात गेले ते स्पष्ट सांगावे.

म्हणून पहिली खरेदी धूर ओढणाऱ्या कपाटाची, म्हणजे फ्यूम हूडची. तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला सुमारे अर्धा मीटर असावा. एक मीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उघड्या तोंडासाठी ही गरज तासाला ७२० घनमीटर हवेची होते. पंख्याच्या पाटीवर लिहिलेला आकडा मात्र बहुतेक वेळा मोकळ्या हवेतला असतो. नळीची वळणे आणि स्क्रबर, म्हणजे वायू धुणारे उपकरण, यांचा अडथळा आल्यावर तोच पंखा निम्मीसुद्धा हवा ओढत नाही, त्यामुळे विक्रेत्याकडून दाबाच्या विरुद्ध किती हवा ओढली जाते याचा आलेख मागावा. भिंतीतला एक्झॉस्ट पंखा या कामाला चालत नाही, कारण त्याची मोटर धुराच्या मार्गातच असते. पंख्याचे घर आणि पाती पॉलिप्रॉपिलीन, पीव्हीसी किंवा फायबरग्लासची असावीत आणि मोटर हवेच्या प्रवाहाबाहेर बसवलेली असावी. माझ्या पहिल्या हूडला मी जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची नळी लावली होती. काही महिन्यांत सांध्यांवर पांढरी पूड धरू लागली, मग एके दिवशी खालून बोट टेकवले तर ते आरपार गेले. आणि तोवर नळीतून ठिबकलेले गंजाचे पाणी हूडमधल्या बीकरमध्ये पडतच होते. तेव्हापासून मी पीव्हीसीची नळी वापरतो आणि तिला असा उतार देतो की आत साचलेले आम्लाचे दव स्क्रबरकडे परत वाहील, पंख्याकडे नाही. आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते : खोलीतून जेवढी हवा बाहेर जाते तेवढी आत यायला वाट हवी. दारे-खिडक्या घट्ट बंद करून हूड चालवला तर पंखा नुसता गुरगुरतो.

आता वायू धुण्याबद्दल. बरेच जण नळीचे टोक पाण्याच्या बादलीत बुडवतात आणि काम झाले असे समजतात. पाणी नायट्रोजन डायऑक्साइडचे तीन भाग घेऊन त्यातल्या दोहोंचे नायट्रिक आम्ल करते आणि तिसरा भाग नायट्रिक ऑक्साइड म्हणून परत सोडते. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, वर येऊन हवेत पुन्हा तपकिरी होतो. त्यामुळे धुण्याच्या टप्प्यांच्या मध्ये त्याचे पुन्हा ऑक्सिडीकरण व्हावे लागते. आपल्या प्रमाणावर मला पुढील मांडणी पुरेशी वाटते : झाकलेल्या फ्लास्कमधून सौम्य शोषणाने थोड्या हवेसह वायू ओढून घ्यावा, तो आधी एका रिकाम्या बाटलीतून, मग पातळ हायड्रोजन पेरॉक्साइडच्या बाटलीतून आणि शेवटी दहा टक्के कॉस्टिक सोड्याच्या बाटलीतून न्यावा, आणि ही सर्व मांडणी हूडच्या आतच ठेवावी. रिकामी बाटली शोभेची नसते. प्रक्रिया मंदावून फ्लास्क थंड होऊ लागला की आतला दाब उतरतो आणि पुढच्या बाटलीतले द्रव नळीतून मागे खेचले जाते. रिकामी बाटली नसेल तर ते सरळ गरम आम्लात पडते. फ्लास्कला हवा आत येण्याची वाट असावी. तो पूर्ण हवाबंद करून तापवू नये. महिन्याला दोन किलोच्या पुढे काम गेले, तर बाटल्यांऐवजी आत भरण घातलेला आणि वरून कॉस्टिकचे द्रावण फिरवणारा स्तंभ-स्क्रबर घ्यावा लागेल.

आता काच. बोरोसिलिकेट ३.३ असे स्पष्ट लिहिलेलीच काच घ्यावी. यातला ३.३ हा आकडा तापल्यावर काच किती प्रसरण पावते ते सांगतो. साध्या सोडा-लाइम काचेचे प्रसरण याच्या अडीच पटींहून अधिक असते, म्हणून ती तापमानातला अचानक फरक सोसत नाही. स्वयंपाकाची काचेची भांडी पुष्कळदा साध्या काचेवर पाणी चढवून बनवलेली असतात, ती तडकत नाहीत तर एकदम फुटतात. त्यांत आम्ल घालू नये.

आकाराचा हिशोब सोपा आहे. ९२५ शुद्धतेच्या एक किलो मोडीला ६८ ते ७० टक्क्यांचे आम्ल गणिताने पाऊण लिटरहून जास्त, लिटरला थोडे कमी लागते; प्रत्यक्षात एक ते सव्वा लिटर धरावे. त्यात तेवढेच ऊर्ध्वपातित पाणी. म्हणजे अर्ध्या किलोच्या घाण्याला जवळजवळ सव्वा लिटर द्रव होतो, आणि भांडे एक-तृतीयांशाहून फार जास्त भरायचे नसल्याने चार किंवा पाच लिटरचा बीकर हवा. इतकी रिकामी जागा वाया घालवणे नव्याला पटत नाही. पण ही प्रक्रिया सुरुवातीला झोपलेली असते. दहा मिनिटे नुसते बारीक बुडबुडे दिसतात, माणसाला वाटते की आम्ल कमी पडले, तो आणखी ओततो, आणि मग द्रावणात नायट्रस आम्ल साचले की प्रक्रिया स्वतःलाच वेग देते आणि सगळे एकदम उफाळून येते. कानशीचा कीस तर विशेष फसवा, कारण त्याचा पृष्ठभाग मोठा असतो. जाड तुकडे उलट फार वेळ घेतात. मोड आधी वितळवून पाण्यात ओतून दाणे पाडले तर वेग मधला आणि सारखा राहतो, आणि एकजीव झालेल्या धातूचा नमुना घेऊन टंच, म्हणजे शुद्धता, काढता येतो.

बीकर की शंक्वाकार फ्लास्क, यावर माझे मत असे, की धुण्याची बाटलीमालिका जोडायची असेल तर घासलेल्या काचेच्या जोडाचा फ्लास्क घ्यावा, एरवी उंच घडणीचा बीकर आणि वर झाकायला वॉच ग्लास, म्हणजे काचेची उथळ ताटली. फ्लास्कच्या तळाला राहिलेला साका काढणे त्रासाचे असते, आणि त्या साक्यातच सोने असू शकते. रबरी बूच वापरू नये. नायट्रिक आम्ल रबर खाते. टेफ्लॉनचे बूच किंवा काचेचाच जोड बरा.

कोणत्याही बीकरखाली दुसरे भांडे असलेच पाहिजे, आणि त्यात बीकरमधला सगळा द्रव मावला पाहिजे. मी हे ऐकून नाही, भोगून लिहितो. एका बीकरच्या बुडाला आतून ओरखडा होता, नखाला लागेल एवढाच. काचेच्या कांडीने तळ ढवळण्याची माझी सवय त्याला कारणीभूत होती. द्रावण निळे-हिरवे होऊन शांत झाले होते, मी हॉट प्लेटची कळ फिरवली, आणि थोड्या वेळाने पेन्सिल मोडल्यासारखा बारीक आवाज आला. बुडाची चकती जागच्या जागी राहिली आणि बाकीचा बीकर वर उचलला गेल्यासारखा सैल झाला. दीड लिटर द्रावण, त्यात सुमारे चारशे ग्रॅम चांदी, सगळे खालच्या रुंद बोरोसिलिकेट ताटात उतरले. ते ताट नसते तर निम्मी चांदी हॉट प्लेटच्या तारांत गेली असती. त्या दिवसापासून प्रत्येक वापराआधी रिकामा बीकर दिव्यासमोर धरून फिरवून पाहतो, आणि ओरखडा दिसला की तो थंड पाण्याच्या कामाला लावतो.

प्लॅस्टिक आणि धातू यांच्याबाबत नियम तपशीलवार लक्षात ठेवावे लागतात. उच्च घनतेचे पॉलिथिलीन थंड आणि पातळ द्रावणाला उत्तम. आपली बादली याच पदार्थाची असेल तर चांदी उतरवण्याला आणि सांडपाण्याला ती चालेल. पॉलिप्रॉपिलीन गरम किंवा तीव्र नायट्रिक आम्लात ठिसूळ होते. टेफ्लॉनला काहीच होत नाही. ३०४ किंवा ३१६ जातीचे स्टेनलेस स्टील शुद्ध नायट्रिक आम्ल चांगले सोसते, याचे पुष्कळांना नवल वाटते. पण मिठाचा किंवा हायड्रोक्लोरिक आम्लाचा अंश आला की त्याच्या पृष्ठभागावरचा संरक्षक थर फुटतो आणि लोखंड व निकेल आपल्या द्रावणात उतरतात. म्हणून स्टीलच्या चिमट्याला आणि ताटाला पुढे येणाऱ्या मिठाच्या टप्प्यात जागा नाही.

हॉट प्लेट काचेच्या किंवा सिरॅमिक पृष्ठभागाची असावी, तार उघडी नसावी, आणि शक्य असेल तर नियंत्रणाची पेटी हूडच्या बाहेर काढता येणारी असावी. चुंबकीय ढवळणी सोयीची आहे, पण सक्तीची नाही. ६० ते ७० अंश सेल्सियसच्या वर जाण्याची गरज क्वचितच पडते. बहुतेक घाणे स्वतःच्याच उष्णतेवर चालतात.

पाण्याबद्दल एवढेच : नळाच्या पाण्यातले क्लोराइड चांदीचा पांढरा क्लोराइड करून द्रावण दुधाळ करते. ऊर्ध्वपातित किंवा निर्खनिज पाणीच वापरावे. त्यात सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकून पाहिले की खात्री होते. पातळ करताना आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात नाही.

पुढची उपकरणे चांदी द्रावणातून परत कशी मिळवायची यावर ठरतात. एक मार्ग तांब्याचा : द्रावणात तांब्याची जाड पट्टी टांगली की तांबे विरघळते आणि चांदी राखाडी चिखलासारखी खाली बसते. एक किलो चांदीला २९५ ग्रॅम तांबे जाते. याला बादली, तांब्याची जाड पट्टी आणि धीर एवढेच लागते. तारा वापरू नयेत. त्यांवर बहुधा कथिलाचा थर असतो आणि त्या तुकडे होऊन चांदीत मिसळतात. दुसरा मार्ग मिठाचा : चांदीचा क्लोराइड पाडायचा, तो धुवायचा आणि कॉस्टिक सोडा व ग्लुकोजने किंवा लोखंड व पातळ गंधकाम्लाने त्याची पुन्हा चांदी करायची. एक ग्रॅम चांदीचे १.३३ ग्रॅम क्लोराइड होते, तो दह्यासारखा फुगीर असतो, आणि तो धुण्यातच पाणी, भांडी आणि दिवस जातात. हे क्षपण, म्हणजे क्लोराइडची पुन्हा चांदी होणे, अपुरे राहिले तर उरलेला क्लोराइड वितळवताना पांढरा धूर होऊन उडतो, म्हणजे चांदीच उडते. आपल्या मोडीसाठी मी तांब्याचा मार्ग निवडेन; मिठाचा मार्ग मी शेवटच्या धुवणातली उरलीसुरली चांदी पकडण्यापुरता ठेवतो. फक्त एक सावधगिरी : द्रावणात न वापरलेले आम्ल शिल्लक असेल तर ते आधी तांब्यावर तुटून पडते आणि बादलीतूनच तपकिरी धूर निघतो. ही बादलीही हूडमध्येच असली पाहिजे, आणि ही गोष्ट जागेची मोजणी करताना बहुतेक जण विसरतात.

गाळण्यासाठी बुखनर नरसाळे (सपाट, छिद्रांच्या तळाचे), जाड भिंतीचा शोषण-फ्लास्क आणि पाण्याच्या जोरावर चालणारा शोषक पंप पुरतो. तेलाचा व्हॅक्यूम पंप आपल्या मनात असेल, तर मध्ये सापळा-बाटली ठेवूनही आम्लाची वाफ त्याचे तेल नासवते. आम्लयुक्त द्रावण गाळायला काचतंतूचा गाळण कागद वापरावा, साधा कागद धुवणासाठी. मोडीत डाख, म्हणजे सांधे जोडण्याचा मिश्रधातू, असेल तर त्यातल्या कथिलाचा पांढरा बुळबुळीत साका होतो आणि तो कागदाची छिद्रे बुजवून टाकतो. तेव्हा पंपाचा जोर वाढवून काही साधत नाही, द्रावण रात्रभर निवळू द्यावे आणि वरचे निवळ आधी काढून घ्यावे. जुन्या डाखात कॅडमियमही असते, आणि त्याचा धूर विषारी असल्याने दाणे पाडण्याचे वितळकामसुद्धा धुराड्याखालीच करावे. चांदीचा नुसता मुलामा असलेल्या वस्तू मोडीतून आधीच वेगळ्या काढाव्यात, त्या आम्ल खातात आणि तांब्याशिवाय फारसे काही देत नाहीत.

चांदीच्या चिखलावर पाणी घालत राहावे, धुवणाचा निळेपणा जाईपर्यंत. अमोनियाचा थेंब टाकून तांबे तपासण्याची जुनी रीत चांगली आहे, पण ती पांढऱ्या ताटलीत एका थेंबावरच करावी आणि लगेच तिथे आम्ल टाकून ते मोडावे. चांदी आणि अमोनिया यांचे द्रावण ठेवून दिले तर त्यातून स्फोटक पदार्थ तयार होतो. याच कारणाने चांदीचे आम्लयुक्त द्रावण असलेले भांडे स्पिरिटने कधी धुवू नये. नायट्रिक आम्ल, चांदी आणि अल्कोहोल एकत्र आले की सिल्व्हर फुल्मिनेट बनू शकतो, आणि तो हाताळतानाच फुटतो. सांडलेले आम्ल लाकडाच्या भुशाने किंवा फडक्याने टिपू नये, ते पेटते; खाण्याचा सोडा किंवा कोरडी वाळू जवळ असावी.

अंगावरच्या वस्तूंत हातमोज्यांबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. पातळ नायट्राइलचे मोजे तीव्र नायट्रिक आम्लासमोर फार थोडा वेळ टिकतात. बाटलीतून आम्ल ओतताना जाड ब्यूटिल किंवा निओप्रीनचे लांब मोजे हवेत. डोळ्यांना बंद चष्मा आणि त्यावर मुखावरण, अंगावर पीव्हीसीचा एप्रन, आणि दहा सेकंदांत पोहोचता येईल असे डोळे धुण्याचे साधन. कापडी किंवा धुळीचा मास्क या वायूला अडवत नाही, म्हणून तो हूडच्या जागी धरू नये.

सांडपाण्यासाठी झाकणाचे दोन पिंप बाजूला काढावेत. पहिल्यात मिठाचा थेंब टाकून चांदी उरली नाही हे पाहावे, मग लोखंडाने तांबे उतरवावे. दुसऱ्यात चुना किंवा कॉस्टिकने सामू नऊच्या आसपास आणून उरलेले धातू साक्याच्या रूपात बसवावेत. तो साका घातक कचरा म्हणूनच द्यावा लागतो. आम्ल बाळगण्याचे आणि असे पाणी सोडण्याचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात, ते उपकरणे घेण्याआधी पाहावेत, कारण काही ठिकाणी राहत्या इमारतीत हे काम करताच येत नाही.

वितळवण्यासाठी ग्राफाइट-मातीची मूस आणि टाकणखार. चांदी ९६२ अंश सेल्सियसला वितळते आणि वितळलेली असताना आपल्या आकारमानाच्या सुमारे वीसपट ऑक्सिजन शोषते, तो गोठताना बाहेर पडून लगडीवर फोड आणतो; ग्राफाइटच्या मुशीत किंवा वर कोळशाचा थर ठेवून ही अडचण बरीच कमी होते. चिखल पूर्ण वाळलेला असल्याखेरीज मुशीत घालू नये.

राहिला विद्युत-शुद्धीकरणाचा प्रश्न. तांब्यावर उतरवून नीट धुतलेली चांदी साधारण ९९ टक्क्यांच्या घरात येते, आणि दागिन्यांसाठी पुन्हा मिश्रधातू करायचा असेल तर तेवढे बहुधा पुरते. ९९.९ किंवा त्याहून वरचा टंच हवा असेल तरच टाकी घ्यावी. १८८४ मध्ये मोबियसने पेटंट घेतलेल्या पद्धतीत पत्रे उभे टांगतात, आणि आडव्या टाकीत अशुद्ध चांदी वर टोपलीत ठेवून स्फटिक तळावर जमवतात. लहान कामाला मला आडवी रचना बरी वाटते, कारण तिला बीकरमध्येही बसवता येते. ऋणाग्र स्टेनलेस स्टीलचे चालते. एका अँपिअर-तासाला चार ग्रॅम चांदी बसते, म्हणजे दहा अँपिअर सतत चालवले तर दिवसाला सुमारे ९६५ ग्रॅम. आपल्या महिन्याच्या कामाला दोन-तीन दिवस पुरतात. तेव्हा मोठा विद्युत्पुरवठा घेण्याचे कारण नाही, मात्र तो दोन ते चार व्होल्टच्या दरम्यान स्थिर राहणारा आणि प्रवाहाला मर्यादा घालता येणारा असावा. चांदीचे स्फटिक सुयांसारखे वाढत वर जातात आणि टोपलीच्या कापडी पिशवीला टेकले की दोन्ही अग्रे जोडली जातात. रात्रभर टाकी चालू ठेवून झोपायचे असेल तर ते स्फटिक झोपण्यापूर्वी प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून खाली पाडावे लागतात.